रस्सामावशींच्या मागाचा खड्डा

मिहिर, सई,

गेल्या रविवारी फोनवर सईने मला विचारलं, "आजी, तू बोलता बोलता मधेच थांबून काय ऐकतेस?" तिकडे तुमची सकाळ होती, इथे नागपुरात दिवेलागण. मी म्हटलं, काही नाही, शेजारच्या कुकरची शिट्टी. ते उत्तर चुकीचं होतं. सारा जन्म वह्या तपासण्यात गेल्यामुळे चुकीचं उत्तर तसंच सोडणं मला जमत नाही, म्हणून हे लिहिते. मधेच थांबून ऐकायची ही लकब मुळात माझी नाही. ती रस्सामावशींची. त्या गेल्या, आणि लकब माझ्याकडे राहिली.

तुमचे आजोबा नागपूरजवळच्या एका तालुक्याच्या गावी कारखान्यात होते आणि मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. शाळेच्याच रस्त्यावर मावशींची सावजी खानावळ होती. रस्सामावशी हे नाव तुमच्या बाबाने पाच वर्षांचा असताना ठेवलं आणि गावाने ते उचललं. उंच, वाळकी बाई. रस्त्यावरून जाताना पदर नाकाला लावला तरी तिच्या मसाल्याने ठसका लागायचाच. मसाला त्या स्वतः कुटत, लोखंडी खलात. कुटता कुटता त्यांचा हात हवेतच थांबे आणि मान मागच्या खोलीकडे वळे. चुलीवर काही उतू जात असलं तरी त्या हलत नसत. मग हळूच म्हणत, "बसला वाट्टे," आणि बत्ता पुन्हा खाली येई.

बसला म्हणजे त्यांचा नवरा. तो जाऊन तेव्हाच बरीच वर्षं झाली होती.

तो विणकर होता. मागच्या खोलीत त्याचा खड्डामाग होता. तुम्ही तो पाहिलेला नाही, म्हणून सांगते. जमिनीत कमरेइतका खड्डा असतो. विणकर त्याच्या काठावर बसतो, पाय आत सोडतो आणि खालच्या पावड्या दाबत वर लुगडं विणतो. पुढे लुगड्यांचं काम आटलं. माग थांबला, पण माणसाचं रोज सकाळी तिथे जाऊन बसणं थांबलं नाही. तो पिऊ लागला, आणि बाटल्या खड्ड्याच्या तळाशी ठेवू लागला, जिथे त्याच्याशिवाय कुणाचे पाय पोचत नसत. एका दुपारी मावशी त्याला जेवायला बोलवायला गेल्या, तेव्हा तो तसाच बसलेला होता. पाय खड्ड्यात, डोकं अर्ध्या विणलेल्या कापडावर.

मागाची लाकडं पुढे चुलीत गेली. खड्डा राहिला, आणि बाटल्याही. मी एकदा त्यांना म्हटलं, मावशी, भंगारवाल्याला देऊन टाका ना. त्यांनी माझ्या ताटात पाटोडीचा रस्सा वाढला आणि म्हणाल्या, "मेला का माणूस लवकर चांगला होते, बाई. बाटल्या फेकल्या तर मी भांडू कोनासंग?"

त्या खरंच भांडत. मीठ जास्त पडलं की दोष त्याचा, वीज गेली की दोष त्याचा. गिऱ्हाइकाला वाटे, आत कुणी आळशी आचारी आहे. रोज दिवेलागणीला मात्र खड्ड्याच्या काठावर पणती लागे, आणि त्या वेळी मावशी एक शब्द बोलत नसत.

मग गावाबाहेरून मोठा रस्ता झाला. कारखान्यातली माणसं त्या रस्त्यावरच्या ढाब्यांवर जाऊ लागली, कारण तिथे जेवणाबरोबर पेला मिळे. गावातली हॉटेलं ओस पडली. नगरपरिषदेने ठरवलं की आपल्या हॉटेलांना दारूचे आणखी परवाने द्यावेत अशी सरकारकडे मागणी करायची. नगराध्यक्ष माझाच जुना विद्यार्थी, विणकराच्या घरातला. वाईट नव्हता. गावातला पैसा गावात राहावा एवढंच त्याला हवं होतं. त्याचं म्हणणं, पिणाऱ्यांसाठी वेगळी खोली आणि वेगळं दार हवं, आणि तशी तयार खोली गावात एकच, रस्सामावशींची. शिवाय मावशी हो म्हणाल्या की बाकी बायकांचा विरोध आपोआप मावळेल.

मावशींचा मुलगा गजानन केव्हाच हो म्हणून बसला होता. त्याची दोन मुलं शाळेत, आणि समोर रिकामी टेबलं. त्याने आईला सरळ सांगितलं की खोली दिली नाहीस तर मी बुटीबोरीला कंपनीत जातो. म्हणजे मावशींनी एक तर खोली सोडायची, नाही तर मुलगा. त्या गजाननला एवढंच म्हणाल्या की अध्यक्षाला जेवायला बोलाव. मलाही निरोप आला, "तुमी बी या, बाई. तुमच्यापुढं तो खोटं नाई बोलत."

जेवताना अध्यक्षाच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मावशी, रस्सा आहे का शिक्षा?" त्याने विचारलं.

"शिक्षा बाईनं केली तुले. मी फकत वाढून राहिली."

सगळे हसलो. मग मागच्या खोलीत गेलो. तो उत्साहाने सांगत होता, हा खड्डा बुजवू, वर फरशी घालू, त्या भिंतीला थंड हवेचं यंत्र. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बुजवाच्या आधी एकदा पाय तं सोड गा. तुह्या बापानं जनमभर सोडले."

तो हसत काठावर बसला आणि पाय खाली सोडले. लहानपणी तो बापाच्या शेजारी असाच बसत असणार, कारण त्याचे पाय आपोआप पावड्या शोधू लागले. पावड्या नव्हत्या. खाली काचेवर काच वाजली.

त्याचं हसणं थांबलं. पाय मात्र त्याने वर घेतले नाहीत.

मावशी म्हणाल्या, "दारू ठेवाची ना इथं? ठेव. पन आधी ह्या उचल. माह्यानं नाई उचलल्या जात." त्यांनी मुलाकडे पाहिलं. "तू उचल, गजू."

गजानन पुढे आला नाही. तेवढ्यात खालून पुन्हा एक आवाज आला, खट्, लाकडावर लाकूड आपटल्यासारखा. मी तर्काने चालणारी बाई आहे. एखादी बाटली कलंडली असेल, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. पण अध्यक्षाचे पाय त्या वेळी हलत नव्हते, आणि आम्ही तिघांनीही एकाच वेळी खड्ड्याकडे पाहिलं. मावशींनी पाहिलं नाही. त्यांना सवय होती.

"माह्या घरात पेनारा एक आहे," त्या म्हणाल्या. "दुसरा नाई पायजे."

ठराव झाला, त्यांचं नाव वगळून. मावशींनी त्याला विरोध केला नाही. ज्याला प्यायची तो पिणारच, असं त्यांचं मत. काही हॉटेलांना परवाने मिळाले, दारावर रंगीत दिवे आले. गजानन बोलल्याप्रमाणे बुटीबोरीला गेला, एका कापडाच्या कारखान्यात. मावशी एकट्याच मसाला कुटत राहिल्या. कुणी गजाननबद्दल विचारलं की त्या गिऱ्हाइकाचं ताट पाहत आणि आणखी भाकरी वाढत.

आम्ही गाव सोडून नागपूरला आलो, त्या दिवशी त्या मसाल्याची पुडी घेऊन आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "संध्याकाळी जरा कान देत जा, बाई. आपलं मानूस कवा येऊन बसते, सांगता नाई येत." तेव्हा तुमचे आजोबा शेजारी उभे होते, धडधाकट, टेम्पोवाल्याशी वाद घालत. मी हसले होते.

तुमचे आजोबा गेल्यापासून मी त्यावर हसत नाही. दिवेलागणीला त्यांच्या खुर्चीकडे माझा कान जातो. सई, तू विचारलंस त्याचं हे खरं उत्तर.

मावशी मागच्या थंडीत गेल्या. मी गावी जाऊन आले. दहाव्याच्या दिवशी गजानन खड्ड्यात उतरला. मला वाटलं, आता उचलेल. त्याने एक बाटली घेतली, सदऱ्याला पुसली आणि होती तिथेच ठेवली. मी विचारलं, परत कधी जाणार बुटीबोरीला? तो म्हणाला, "नाई जात, बाई. तिथं सारे मागच माग आहेत. पन त्यातला आपला कोनता, ते आयकू येत नाई."

खानावळ आता तो चालवतो. गिऱ्हाईक बेताचंच आहे. खड्डा आहे, बाटल्या आहेत, काठावर पणती लागते. आणि मसाला कुटताना गजाननचा हात मधेच थांबतो.