बर्फ केवढा होता

आमची पोस्ट कायम बर्फात. मी तेव्हा हवालदार होतो. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात सज्ज उभं राहायचं, मग स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी, मग पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी. तासगावकडचा नायक दिलीप रेडिओ सेट वाहायचा. त्या सकाळी पेट्रोल वळणापलीकडे गेलं आणि पोस्टवरच्या माझ्या सेटवर त्याचा आवाज आला.

"वरून बर्फ सरकतोय. ओव्हर."

"डावीकडे निघा. ओव्हर."

उत्तर आलं नाही. सगळा उतार खाली आला होता. हवामानानं साथ दिली तोवर खणलं. बाकीचे सापडले. दिलीप नाही.

देह नाही, तर दर्भाचा पुतळा करून अग्नी द्या, असं भावकी म्हणाली. त्याचे वडील तात्या ऐकेनात. "गवताला मी दिल्या म्हणू व्हय? सापडंल की त्यो."

मी निवृत्त होऊन तासगावजवळ कुंडलला, माझ्या गावी आलो. गेल्या वर्षी तात्यांच्या कानावर आलं की कोकणातल्या समुद्राकाठच्या एका किल्ल्यात सैनिकी संग्रहालय केलंय, तिथं बर्फातली पोस्ट उभारलीय.

"मला दाव. कुठं हुता त्यो, बघू दे."

घेऊन गेलो. दारूकोठाराच्या जागी तंबू, पांढरा बर्फ, सैनिकाचा पुतळा. तात्या हसले. "लय गोरा हाय रं! आमचा दिल्या द्राक्षाच्या मांडवाच्या सावलीत उभा ऱ्हायला तर दिसायचा न्हाई."

मग त्यांची नजर खाली गेली. बर्फ पुतळ्याच्या गुडघ्याला लागत होता.

"एवढाच?"

"तात्या, ह्यो देखावा हाय."

"एवढ्यातनं माझं पोरगं काढता आलं न्हाई तुमास्नी?"

आवाज चढला नव्हता. मी त्यांना हाताला धरून तटावर नेलं. खाली भरतीचा समुद्र होता.

"ह्याच्या तळाला माणूस हाय असं धरा. वर जेवढं पानी, तेवढा बर्फ."

तात्या तटावरून खाली वाकले.

"पानी तरी हालतंय."

"त्यो दगडागत घट्ट."

"आन् तुमी फावड्यानं?"

"व्हय."

"म्हंजे न्हाई सापडायचा."

"न्हाई, तात्या."

परतीच्या एसटीत त्यांनी विचारलं, "दर्भ कुठं गावंल रं?"

त्याच आठवड्यात तासगावला ओढ्याकाठी दर्भाचा पुतळा बांधला. भटजींनी शेवटची गाठ मारली, तेव्हा तात्यांनी त्यांचा हात धरला. "पाय लांब करा. उंच हुता त्यो."

पाय लांब केले. तात्यांनी अग्नी दिला. मी सॅल्यूट केला. हात खाली घ्यायच्या आत आग संपली होती.