पितळी तोफांची गुराब

आमच्या बेलवलीच्या सोसायटीत दिवाळीचा किल्ला गुरुदत्तकाका करतात. मुलं माती आणतात, पाणी सांडतात आणि ओरडा खातात. मी सोसायटीची सेक्रेटरी, पार्किंगमध्ये चिखल दिसला की माझा पारा चढतो. पण काकांच्या किल्ल्यापुढे मी तोंडाला कुलूप लावते, कारण तो समुद्रात असतो. ताडपत्री अंथरलेला खड्डा, त्यात पाणी, मधोमध जलदुर्ग आणि भोवती आरमार. मला तर दिवाळीतलं हेच आवडतं.

काकांचं आयुष्य अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथवर गेलं. समुद्राशी संबंध म्हणाल तर सुनंदाकाकूंचं माहेर अलिबागकडचं, एवढाच. पण जुन्या जहाजांचं आणि तोफांचं वेड असं, की विचारायची सोय नाही. एकदा मी विचारून बसले, "काका, इंग्रज आंग्र्यांना चाचे म्हणायचे ना?"

"म्हणणारच! आपल्या समुद्रात आपण परवाना मागितला की आपण चाचे. आणि हे इतक्या लांबून येऊन बिनपरवाना फिरणार, ते व्यापारी!" माझा चहा गार झाला तरी काका थांबले नाहीत.

गेल्या वर्षी त्यांनी गुराब करायला घेतली. गुराब म्हणजे तोफा घेऊन लढणारं, डोलकाठ्यांचं जहाज. सांगाडा सागवानाचा, तोफा मात्र पितळेच्या. भरीव दांड्यातून कातलेल्या, बोटाएवढ्या, तोंडाशी नळी कोरलेली. हातात घेतली की खाली ठेववत नसे. आणि मग काकांचा उजवा हात कापायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला.

"ही गुराब यंदा तरंगली की मी सुटलो," काका म्हणायचे. "पुढल्या वर्षी या हातानं पणतीसुद्धा लागायची नाही. त्या तोफा माझं शेवटचं काम."

धनत्रयोदशीला गुराब पाण्यात सोडली. क्षणभर डौलात उभी राहिली आणि कुशीवर कलंडली. पुन्हा उभी केली, पुन्हा कलंडली. मुलं हसली, तशी मी त्यांना हाकललं. मला रडू येत होतं.

चूक उघड होती आणि ती काकांनीच करावी अशी होती. दुसऱ्या कुणी पुठ्ठ्याच्या नळ्यांना सोनेरी कागद चिकटवला असता. जन्मभर धातू कातलेल्या माणसाला खोटी तोफ करवतच नाही. सगळं पितळ वर डेकवर, तळ पोकळ. जहाज बिचारं काय करील? तोफा आतून कोरून हलक्या कराव्यात, तर हात साथ देईना. काका पायरीवर बसून राहिले.

काकू खाली आल्या, हाताला चकलीचं पीठ तसंच. "अहो, आमच्याकडे रिकामी होडी कोण पाण्यात नेत नाय. तळाला दगड टाकतात."

"वर एवढं पितळ आणि खाली दगड? बुडेल ती, सुनंदा."

काकांनी एका तोफेवरचं पाणी अंगठ्यानं पुसलं. मग म्हणाले, "मालिनी, जरा तोफांचे स्क्रू काढ. पूर्वी निकामी तोफा जहाजाच्या तळात टाकायचे, वजनाला."

"पण या कुठे निकामी आहेत, काका?" मी जवळजवळ ओरडलेच.

"काढ गं."

मी काढल्या. काकांनी त्या आपल्या थरथरत्या हातानं एकेक करून तळात निजवल्या. खूप वेळ लागला, पण मदतीला हात पुढे करायचं माझं धाडस झालं नाही. वरून फळ्या बसल्या. डेकवर काकूंनी जुन्या ब्रशांचे दांडे कापून, काळे रंगवून लावले. गुराब पाण्यात सोडली ती ताठ उभी राहिली.

पाडव्याला किल्ले स्पर्धेचे परीक्षक आले. वाकून बघत म्हणाले, "जहाज झकास. तोफा मात्र कामचलाऊ वाटतात हां."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. काकांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. "कामचलाऊच आहेत साहेब," ते म्हणाले.

परीक्षक पुढच्या बिल्डिंगीकडे गेले. मी फणकारले, "सांगायचं नाहीत का? तुमचं एवढं काम कुणाला दिसणारसुद्धा नाही!"

वाऱ्यानं गुराब कलली आणि आपसूक सरळ झाली. काका तिच्याकडेच बघत होते.

"बघायला कशाला हव्यात," ते म्हणाले. "कामाला लागल्यात त्या."