चटका न लागणारी बोटं

मावशींच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना चटका लागत नव्हता, आणि मी वर्षभर त्याचं कौतुक करत होते. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी म्हणायचं, बाईंनी किती केलं हो त्यांच्यासाठी. मी काहीही केलं नाही. मावशींचा हात हळूहळू जात होता, माझ्याच टेबलावर, माझ्या नाकासमोर, आणि मी चहा पीत बघत होते.

शाळेत मी चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाले आणि लोणावळ्याच्या तुंगार्लीतल्या घरात एकटी बसून भिंतींशी भांडायला लागले, तेव्हा हातानं शुभेच्छापत्रं करायचा नाद लावून घेतला. लोणावळ्यातली दोन दुकानं ती चिक्कीच्या डब्यांशेजारी मांडायची, एक रिसॉर्ट दिवाळीला मागायचं. काम दिसायला सोपं आहे. जाड कागदावर स्टेन्सिल ठेवायचं, त्याच्या भोकांतून स्पंजनं चिकट शाई टेपायची, स्टेन्सिल अलगद उचलायचं आणि शाई ओली आहे तोवर वरून एम्बॉसिंगची पावडर भुरभुरायची. जास्तीची पावडर झटकायची, इकडेतिकडे राहिलेले कण कोरड्या ब्रशनं काढायचे. मग हीट गन. गरम हवा लागली की पावडर वितळते, आणि नुसतं डागासारखं दिसणारं कमळ कागदावर उठून चमकायला लागतं. तो क्षण मला अजून आवडतो. पण त्या हवेनं कागद असा तापतो की हातात धरवत नाही, म्हणून कार्ड कपड्यांच्या चिमट्यात धरायचं. मावशींच्या आधी कॉलेजमधली एक मुलगी मदतीला यायची. ती तिसऱ्या दिवशी बोट भाजून घेऊन गेली ती गेलीच. माझं तोंडही तिखट आहे, त्याचाही हातभार लागला असेल.

मावशी जवळच्या कुरवंडे गावच्या. घरी भातशेती, मुलगा कंपनीत, सून, दोन नातवंडं. समोरच्या बंगल्यात त्या वर्षानुवर्षं स्वयंपाक करायच्या. बंगला विकला गेला, तशा एका सकाळी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, सैपाकाला ठिवा न्हाईतर नका ठिवू. पर मला ते चित्राचं शिकवा."

मी म्हटलं, शाई-पावडरीचं किचकट काम आहे, पोरीबाळींना जमत नाही. त्या म्हणाल्या, "भाताची रोपं लावताना काय कमी किचकट असतंय व्हय?" आणि बसल्या. बसल्या आणि खुर्चीचे दोन्ही हात चाचपून बघितले. नंतर म्हणाल्या, जन्मात पहिल्यांदा खुर्चीत बसून काम करतेय. ते वाक्य माझ्या मनात राहिलं. त्यांना काय हवं होतं ते मला त्या दिवसापासून माहीत होतं. त्यांना ती खुर्ची हवी होती, आणि त्या खुर्चीसाठी दोन धड हात.

महिन्याभरात त्या माझ्यापेक्षा सफाईनं स्टेन्सिल उचलायला लागल्या. कडा कधी फिसकटली नाही. आणि एक दिवस बघते तर चिमटा बाजूला ठेवलेला. उजव्या हातात हीट गन, आणि कार्ड डाव्या हाताच्या करंगळी-अनामिकेवर टेकवून वरून नुसतं अंगठ्यानं दाबलेलं.

"अहो, भाजेल."

"काय न्हाई लागत. चिमट्यानं कागुद वाकतो बगा. असं बरं पडतं."

खरंच बरं पडत होतं. चिमट्याचा वळ उमटत नव्हता, कामही भराभर व्हायचं. मी खूश. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची, बघा, आमच्या मावशींच्या बोटांना चटका लागत नाही. सून एकदा तांदूळ घेऊन आली होती, तिलाही मी हेच कौतुकानं ऐकवलं. ती हसून म्हणाली, "भाकरीचा हात हाय त्यांचा. तव्यावरची भाकरी नुसत्या हातानं परतत्यात." मला ते पटलं. तुम्हालाही पटलं असतं. आमच्याकडे चुलीवर आयुष्य काढलेल्या बाईची बोटं निबर होतात हे सगळ्यांनाच माहीत असतं. त्यावर कुणी डॉक्टरकडे जात नाही.

पावसाळ्यात तुंगार्लीत धुकं खिडकीतून आत येऊन बसतं. त्या वर्षी फार आलं. खालचा तुंगार्लीचा तलाव दिसेना, समोरचा रस्ता दिसेना, फक्त शनिवार-रविवारी गाड्यांचे हॉर्न धुक्यातून ऐकू यायचे. कागद दमट व्हायचा, पावडरीच्या गुठळ्या व्हायच्या. भर दिवसा दिवा लावून आम्ही दोघी बसायचो, आणि मला उगीचच धाकधूक वाटायची. कसली, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आता सांगता येतं. मला दिसत होतं.

बांगड्या मागे सारल्या की मनगटाच्या वर एक फिकट चट्टा दिसायचा. मी म्हटलं, शिबं असेल, लिंबू चोळा. करंगळी जरा वाकडी राहायला लागली. पावडरीची डबी दोनदा हातून सुटली, सोन्यासारखी पावडर सगळ्या फरशीभर झाली, तेव्हा मी त्यांना फाडफाड बोलले. लक्ष कुठे असतं तुमचं, डोळे मिटून काम करता का. त्या खाली बसून उजव्या हातानं पावडर गोळा करत राहिल्या. डावा हात मांडीवर तसाच पडलेला होता.

मग तो वास आला. पावडर जास्त तापली तर वास येतो, तो मला चांगला माहीत आहे. हा तो नव्हता. मी मान वर केली. मावशी बारीक डोळे करून कार्डावरचं मोराचं पीस वितळताना बघत होत्या, चेहऱ्यावर अगदी समाधान. गन खाली घसरली होती. गरम हवा कागदावर नव्हती, त्यांच्या करंगळीवर होती.

मी झडप घालून प्लग काढला. बोटाच्या कडेला टरारून फोड आला होता. मावशी त्याच्याकडे दुसऱ्याच कुणाचं बोट असावं तसं बघत होत्या. "आरं," एवढंच म्हणाल्या, आणि हसल्या.

तेव्हाच उठून रिक्षा बोलवायला हवी होती. पण रिसॉर्टची दिवाळीची कार्डं अर्धी व्हायची होती. मी बोटाला मलम लावलं, चिमटा सक्तीचा केला आणि आठ दिवस गप्प बसले. आठ दिवस. त्या आठ दिवसांत त्यांनी तशाच हातानं काम केलं, आणि मी कार्डं मोजत राहिले. ह्याबद्दल मला स्वतःची लाज वाटते, आणि ती कमी होत नाही.

नवव्या दिवशी राहवेना. चहा झाल्यावर मी पावडर झटकायचा तो मऊ ब्रश हातात घेतला.

"मावशी, डोळे मिटा. हात पुढे करा. ब्रश कुठे लागतोय ते सांगायचं."

"पोरासारका खेळ मांडला की बाई," म्हणाल्या, पण डोळे मिटून घेतले. तर्जनीवर फिरवला, "हितं." अंगठ्यावर, "हितं." मधल्या बोटावर जरा थांबून, "हितं... वाटतंय." मग मी अनामिकेवर फिरवला. करंगळीवर फिरवला. तळव्याच्या कडेवरून खाली मनगटापर्यंत नेला, परत वर आणला. मग ब्रश उलटा धरून दांड्याचं टोक करंगळीत रुतवलं. मावशी डोळे मिटून शांत बसल्या होत्या, ओठांवर थोडं हसू.

"बाई," त्या म्हणाल्या, "करा की सुरू."

दुसऱ्या दिवशी आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरणीनं चट्टा पाहिला, कोपरामागची शीर दाबून पाहिली, सुईच्या टोकानं टोचून पाहिलं. कधीपासून आहे, विचारलं. मावशी माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "चटका लागत न्हाई ते बाईंनीच पैल्यांदा वळखलं. गेल्या सालच्या पावसात." त्यांना वाटलं, त्या माझा मोठेपणा सांगतायत. डॉक्टरणीनं माझ्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

कुष्ठरोग, ती म्हणाली. मावशींनी हळूच विचारलं, "म्हंजे महारोग का?" डॉक्टरणीनं सगळं नीट समजावलं. वर्षभर गोळ्या, फुकट मिळतात, महिन्याच्या महिन्याला येऊन पाकीट न्यायचं. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागत नाही, एका ताटात जेवलात तरी चालेल. गेलेली दोन बोटं जागी होतीलच असं नाही. पण गोळ्या चुकवल्या तर बाकीचा हातही जाईल. हे शेवटचं तिनं दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून.

परतताना रिक्षात मावशींनी आधी पाकीट पदराखाली लपवलं. मग म्हणाल्या, "घरी कुणाला कळू द्यायचं न्हाई. पोरं माज्याच ताटात जेवत्यात. सून दुसऱ्या दिशी त्यांना घिऊन म्हायेरी जाईल." मी म्हटलं, अहो, डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलंत ना? त्या म्हणाल्या, "तुमी ऐकलं. गाव ऐकंल व्हय?" गोळ्यांचं पाकीट माझ्याकडे ठेवायचं ठरलं. रोज सकाळी यायचं, माझ्याकडे गोळी घ्यायची, कामाला बसायचं. मी शब्द दिला.

मी शिकलेली बाई. रोग कसा होतो, कसा होत नाही, मला तोंडपाठ. तरीही मावशींच्या हातून आलेली कार्डं पाकिटांत भरून झाली की मी उठायची, स्वयंपाकघरात जायची आणि साबणानं हात धुवायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, शाई लागली होती. दुसऱ्या दिवशी शाई नव्हती. तिसऱ्या दिवशी मी पुढल्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून नळ बारीक सोडला. आठवड्याभरानं एकदा असेच हात चोळत होते, मनगटापर्यंत, आणि मागे वळले तर मावशी दारात उभ्या. पाण्याचा तांब्या भरायला आल्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या देव जाणे.

मी म्हणाले, "शाई..."

त्यांनी तांब्या ओट्यावर ठेवला. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही.

"घरी कळाय नको म्हनले मी," त्या म्हणाल्या. "तुमालाबी कळाय नको व्हतं."

पुढच्या खोलीत जाऊन त्यांनी अर्धं झालेलं कार्ड पूर्ण केलं, चिमट्यात धरून, नीट. गनचा प्लग काढला, पिशवी उचलली, चपला घातल्या आणि गेल्या. मी मागे धावले नाही.

दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. फोन बंद. गोळ्यांचं पाकीट माझ्या ड्रॉवरमध्ये, वीसेक गोळ्या तशाच. ते पर्समध्ये घालून मी दोनदा कुरवंड्याच्या रस्त्याला लागले आणि दोनदा परत फिरले. घरी त्या नसल्या तर पाकीट कुणाच्या हातात देणार? काय आहे म्हणून विचारलं तर काय सांगणार? दवाखान्यात जाऊन चौकशी केली. त्या तिकडेही फिरकल्या नव्हत्या. माझा रोज पर्समध्ये हात जायचा, पाकीट आहे ना ते बघायला.

पंधरा दिवसांनी लोणावळ्याच्या बाजारात सून भेटली. भाजीची पिशवी एका हातात, धाकटं पोर दुसऱ्या हातात. मला बघून हसली. मी कसंबसं विचारलं, "मावशी कशा आहेत?"

ती गोंधळली. "म्हंजे? तुमच्याकडंच तर हायेत की. रोज सकाळी डबा घिऊन निगत्यात."

काम सुटलं म्हणाल्या असत्या तर का सुटलं हे सांगावं लागलं असतं. म्हणून त्या रोज निघत होत्या. रोज सकाळी डबा घेऊन निघायच्या आणि कुठेतरी, कुठे ते मला आजही माहीत नाही, संध्याकाळपर्यंत बसून राहायच्या. गोळीविना.

"हो," मी म्हणाले. "आत्ताच बसवून आले त्यांना कामाला."

"बाई, एक सांगू का?" सून जवळ येऊन म्हणाली. "त्यांना जरा लवकर सोडत जा. वाटंत लय धुकं असतंय, आन् हल्ली थकल्यासारक्या दिसत्यात."

पाकीट पर्समध्येच होतं. माझा हात पर्सच्या चेनवर होता.

"सोडते," मी म्हणाले.