जावई म्हणता, तर पाय धुवा

माझी आक्का काल गेली आणि आमच्या शाळेच्या ग्रुपला आज अचानक तिचा अभिमान वाटायलाय.

वाचून किळस आली. खरंच सांगते.

"आपल्या शाळेची गुणी, धाडसी विद्यार्थिनी." वर हात जोडलेले, खाली फुलं.

धाडसी म्हणे. त्या धाडसाचं शाळेनं काय केलं, ते ग्रुपमधल्या अर्ध्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. बाकीच्यांसाठी लिहिते.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. आमचं गाव अहमदपूरकडचं. जिल्हा आला, पाऊस काही आला नाही. शाळेची विहीर आटलेली. टँकरचं पाणी एका रांजणात भरून ठेवायचे.

त्या रांजणाला आम्ही हात लावायचा नाही. शिपाईमामा वरून ओतणार, आम्ही ओंजळीनं पिणार. मामा जागेवर नसले की तहान धरून बसायचं.

आक्का दहावीला, मी आठवीला. बौद्धवाड्यातल्या आम्हा पोरापोरींना शिष्यवृत्ती होती. आक्काची अख्खी दहावी तिच्यावर उभी होती. बाबांनी सांगूनच ठेवलं होतं, ती आली तर शाळा, नाही तर रोजगार हमीवर खडी फोडायला यायचं.

हेडमास्तरांची एक पद्धत होती. शिष्यवृत्तीच्या सह्या घ्यायच्या दिवशी प्रार्थना झाली की ते सगळ्या शाळेसमोर हाक मारायचे, "चला, सरकारचे जावई, पुढं या."

सगळी शाळा हसायची. मास्तर लोक पण.

आता गंमत बघा. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांची फी ईबीसीत, म्हणजे आर्थिक मागास म्हणून, माफ. दारात देवणी बैलांची जोडी, शेतात बागायत, आणि तहसीलचा दाखला मात्र गरिबाचा.

त्यांची ती सवलत. आमचं ते फुकटचं.

त्या दिवशी हाक आली. आम्ही उठलो. आक्का सगळ्यांच्या पुढं गेली आणि सही न करता उभी राहिली. आवाज चढवला नाही तिनं. घरात बोलायची तशीच बोलली.

"सर, जावई म्हणताव तर रीत बी पाळा की. जावई दारात आला की आधी पाय धुवाया तांब्याभर पाणी देतेत. आमाला तर प्यायाला बी कुणी तांब्या हातात देत न्हाई."



हेडमास्तरांनी तिला ऑफिसात बोलावलं. सगळ्यांसमोर माफी माग म्हणाले. आक्का म्हणाली, चूक सांगा, मागते. मग बाबांना बोलावणं गेलं. बाबांनी हात जोडले, माफी मागितली. पण हेडमास्तरांना आक्काचीच पाहिजे होती, आणि ती द्यायला तयार नव्हती.

तिचा अर्ज शाळेतून पुढं गेलाच नाही. विचारायला गेलं की म्हणायचे, जिल्हा नवा आहे, ऑफिस उस्मानाबादहून लातूरला चाललंय, कागद इकडंतिकडं होतात.

बाकी सगळ्यांचे बरोबर पोचले. माझा पण पोचला. एकट्या आक्काचाच वाट चुकला.

बोर्डाची फी भरता आली नाही. तिच्या वर्गातली पोरं पेपर लिहीत होती, तेव्हा आक्का उदगीर रोडच्या कामावर खडी फोडत होती.

थू. इतक्या वर्षांनी पण तोंडात हेच येतं.

पुढं तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी काढली. देवणीकडं अंगणवाडी मिळाली. पहिल्याच दिवशी रांजण दारात ठेवला, वर तांब्या ठेवला आणि लेकरांना सांगितलं, ज्याला तहान लागंल त्यानं आपल्या हातानं घ्यायचं. काही बाया लेकरं उचलून घरी घेऊन गेल्या. आक्का म्हणाली, तहान लागली की येतील.

आली.

आणि आता हे फुलंवाले. आज सगळ्यात आधी ज्यानं हात जोडले ना, त्याच भल्या माणसानं मागच्या महिन्यात याच ग्रुपवर शिष्यवृत्तीवरचा एक फॉरवर्ड टाकला होता. 'सरकारचे जावई.' खाली हसून लोळणारी तोंडं. स्वतः ईबीसीत शिकलेला माणूस!

आक्का त्या ग्रुपवर होती. तिनं ते वाचलं. मला नांदेडला फोन करून म्हणाली, "आजून पाय धुतले न्हाईत गं यांनी."

हसत होती. मला हसू आलं नाही.

काल शेवटच्या आंघोळीला बाया म्हणाल्या, डोक्यावरून पाणी घाल. मी तांब्या घेऊन आधी तिच्या पायाशी बसले. टाचा भेगाळलेल्या. सावकाश धुतले दोन्ही पाय. कुणी घाई केली नाही मला.

ग्रुपवाल्यांनो, तुमची फुलं उचला. तुमचं भावपूर्ण बिवपूर्ण काही नको तिला.

आक्का, पाय धुतलेत तुझे.

जा आता. जय भीम.