साडेनऊ किलोवॅटचा डबा

"माने, पॉवर बरोबर काय?"

"व्होल्टेज गुणिले करंट, सर."

"मग अडचण काय आहे?"

मी कदम सरांच्या बाथरूमच्या दारात उभी होते. वय एकेचाळीस, खांद्याला टूल बॅग, खिशात टेस्टर. आणि दोन्ही हात मागे बांधलेले. ते कधी बांधले गेले, मला कळलंच नाही. सरांनी मला नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. रिटायर होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण त्यांच्यासमोर खुर्चीत बसायचं मला अजून जमत नाही.

सरांच्या हातात एक पांढरा डबा होता. डिक्शनरीएवढा, गुळगुळीत, पुढं दोन गोल बटणं. त्यांच्या मुलानं, नितीननं, इंग्लंडहून एका मित्राच्या सामानात पाठवलेला. इलेक्ट्रिक शॉवर. जुना गिझर काढून त्याच्या जागी हा बसवायचा, एवढंच काम होतं.

आधी माझं सांगते. मी सोलापुरात इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे. कार्डावर नावापुढं बी.ई. असं ठळक छापलंय. काही लोक हसतात. हसू देत. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजचं फाटक ओलांडलं नव्हतं. आमचे आप्पा मोहोळ तालुक्यात शेती करतात आणि विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर अजून काठीनं दाबतात. त्या घरातनं मी इंजिनिअर झाले, त्याची सुरुवात सरांच्या वर्गात झाली. त्यामुळं सरांना 'नाही' म्हणायचं म्हणजे माझ्यासाठी अवघड काम. मी म्हणाले, "बघते सर."

इथंच चुकले. आमच्याकडं मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत, 'बघते' म्हणतात. नकारच असतो तो, फक्त धुऊन-पुसून दिलेला. पण सरांनी जन्मभर मुलांकडून फक्त हो ऐकलेलं. त्याच दिवशी त्यांनी नितीनला फोन करून सांगितलं, "माने बसवतेय." सकाळी फिरायला जाणाऱ्या सगळ्या मंडळींनाही सांगितलं. सरांच्या भागात, जुळे सोलापुरात, असा शॉवर पहिलाच म्हणे.

आता हा शॉवर म्हणजे काय ते सांगते. आपल्या गिझरला टाकी असते. पाणी साठवायचं, पंधरा-वीस मिनिटं तापवायचं, मग वापरायचं. या डब्याला टाकीच नाही. गार पाणी एका बाजूनं आत शिरतं आणि गरम होऊन सरळ डोक्यावर पडतं. चार-पाच सेकंदांत पाणी तापवायचं म्हणजे जाळ मोठा लागणार. डब्यावर लिहिलं होतं, साडेनऊ किलोवॅट. आपली इस्त्री साधारण एक किलोवॅटची. म्हणजे अंघोळ करताना भिंतीत नऊ-दहा इस्त्र्या एकदम चालू.

हे मी सरांना सांगितलं नाही. सरांना सांगायची एक पद्धत आहे. मी टेबलावरचं कॅलेंडर उलटं केलं आणि पेन्सिल पुढं केली.

"सर, साडेनऊ हजार भागिले दोनशे तीस. तुम्हीच करा."

सरांनी भागाकार केला. पायऱ्या न गाळता. "एक्केचाळीस पूर्णांक तीन अँपिअर."

"आणि तुमच्या मीटरजवळचा मेन स्विच किती अँपिअरला पडतो?"

सर उठले, चष्मा पुसला, बाहेर जाऊन बघून आले. "बत्तीस."

"मग सर?"

सरांनी भागाकार पुन्हा पहिल्यापासून तपासला. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "काय, नापास का?"

काकू म्हणजे सरांच्या मिसेस. अक्कलकोटच्या. खरं तर हे सगळं त्यांच्यासाठीच चाललं होतं. पावसाळ्यात अंगणात पाय घसरून त्या पडल्या. खांद्यात प्लेट बसवली. उजवा हात छातीच्या वर जात नाही. बादली उचलणं सोडाच, तांब्या डोक्यावर ओतता येत नाही. कामाला येणाऱ्या मावशी त्यांना अंघोळ घालायच्या.

"अय्यो संगीता, काय सांगू तुला," काकू मला म्हणाल्या होत्या, "पन्नास वर्षं मी कुणाकडून पाठ चोळून घेतली नाही. आता साडेआठ वाजले की टॉवेल घेऊन खुर्चीत बसते, बस स्टँडवर बसल्यासारखी. ती आली नाही की दिवसभर पारोशी. मला आत जाऊन कडी लावायचीय की गं. एवढंच."

त्या दिवशी मला कळलं की माझं खरं काम काय आहे. पण सरांच्या डोक्यात काम दुसरंच होतं.

"लोड वाढवून घेऊ," सर म्हणाले. "वीज कंपनीकडं अर्ज करू."

"होईल सर. मीटरपासून इथपर्यंत जाड केबलही टाकावी लागेल. हॉलमधून, मग देवघराच्या भिंतीतून."

"टाकू."

"मग प्रेशर. या डब्याला पाणी जोरात लागतं. टाकी शॉवरच्या दहा मीटर वर पाहिजे. तुमची तीन मीटरवर आहे. पाणी कमी जोरात आलं तर डबा चालूच होत नाही. तशी सोय आहे त्यात, आतलं जळू नये म्हणून."

"नळाच्या पाण्याला जोर असतो."

"असतो सर. पण ते येतं चार दिवसांआड."

काकू आतून म्हणाल्या, "म्हणजे अंघोळही चार दिवसांआड."

"पंप लावू," सर म्हणाले.

मग मी जुना गिझर उघडला. त्यातली कॉइल, म्हणजे पाणी तापवणारी नळी, दिसतच नव्हती. तिच्यावर क्षारांचा पांढरा थर, बोटाएवढा जाड. मी स्क्रू-ड्रायव्हरनं टोचलं तर तुकडे खाली पडले, फळ्याखाली खडू पडतात तसे. नळाचं पाणी पुरत नाही म्हणून सर टाकीत बोअरचं पाणी मिसळतात. सगळं जुळे सोलापूर मिसळतं. एवढ्या मोठ्या गिझरचं हे झालं, तर त्या डब्यातल्या काडीएवढ्या नळ्या किती महिने टिकणार?

आणखी एक गोष्ट दिसली, ती मात्र गमतीची नव्हती. गिझरची अर्थिंगची वायर कुणीतरी कापून ठेवली होती. ही वायर म्हणजे करंट गळला तर त्याला जमिनीकडं जायची वाट. ती नसली तर करंट माणसातून वाट काढतो. काकू इतकी वर्षं नशिबानं अंघोळ करत होत्या.

सरांनी वायरचं कापलेलं टोक चष्म्याजवळ नेऊन बघितलं. म्हणाले, "हे आधी कर." ते मी त्याच दिवशी केलं. करंट गळताच लाईन पाडणारा स्विचही बसवला. पण डब्याचा विषय सरांनी सोडला नाही. त्यांनी फाईल काढली. लोडचा अर्ज, केबल, पंप, पाणी मऊ करायचं मशीन. चार पानं झाली.

काकू ओला हात पदराला पुसत बाहेर आल्या.

"ही सगळी लंका उभी राहीपर्यंत मी कुठं अंघोळ करू? सिद्धेश्वर तळ्यात?"

"नितीन डिसेंबरात येतोय," सर हळू आवाजात म्हणाले. "त्यानं एवढ्या हौसेनं पाठवलाय. आल्यावर माळ्यावर पडलेला दिसला तर काय वाटेल त्याला? पोराला आईसाठी काही करता येत नाही तिकडनं. एवढं एक केलं त्यानं."

फाईलपुढं गणित चालतं. याच्यापुढं चालत नाही.

आमचे प्लंबर रसूलभाई तेवढ्यात पाईपचं माप घ्यायला आले. त्यांनी डबा हातात घेतला, उलटा करून बघितला, वजनाचा अंदाज घेतला.

"मॅडम, नळी और शावर एक नंबर है. बाकी ये डब्बे कू पानी नको, बिजली नको. दीवार पे रखो, अगरबत्ती लगाओ."

मी हसले. काकू हसल्या नाहीत. त्या डब्याकडं बघत राहिल्या.

"रसूलभाई बरोबर बोलतायत की," त्या म्हणाल्या. "डबा भिंतीवर लावा. त्याचीच नळी, त्याचाच शॉवर. पाणी आपल्या गिझरचं सोडा. आत काय आहे, ते नितीनला कोण सांगतंय?"

सर ताठ झाले. "ही कॉपी आहे."

सर आणि कॉपी! बोर्डाच्या परीक्षेत सरांच्या वर्गात नंबर आला की मुलं आदल्या दिवशी देवाला नारळ फोडायची.

"कॉपी का?" काकू म्हणाल्या. "तुमच्या बहिणीनं दिलेलं ते घड्याळ नऊ वर्षं बंद आहे. ती यायची असली की खुर्चीवर चढून काटे कोण फिरवतं?"

मी भिंतीकडं बघितलं. घड्याळात सव्वातीन वाजले होते. खरे साडेअकरा झाले होते.

सरांनी फाईल मिटली. "माने," ते म्हणाले, "काम नीट झालं पाहिजे."

मग मी माझ्या मनासारखं काम केलं. पंचवीस लिटरचा गिझर आणला, दोन किलोवॅटचा. नऊ अँपिअरसुद्धा खात नाही, आहे त्या वायरवर चालतो. टाकीला आतून कोटिंग आहे आणि खाऱ्या पाण्यात टाकीच्या आधी स्वतः झिजणारी एक सळई आहे. ती दरवर्षी बदलायची. गिझर बाथरूमच्या माळ्यावर बसवला, पुढं छोटं दार केलं. गरम-गार मिसळायचा कॉक कमरेच्या उंचीवर डाव्या हाताला घेतला, पाणी ठरावीक गरमीच्या वर जाऊ न देणारा. बसायला पक्कं स्टूल, धरायला स्टीलचा दांडा. हँड शॉवर मांडीजवळच्या हुकाला. हात वर न्यायचं काही कामच नाही. आणि समोर भिंतीवर, मधोमध, इंग्लंडचा डबा. पाणी नाही, करंट नाही. नळी त्याच्या मागून अशी काढली की बघणाऱ्याला त्यातूनच निघाल्यासारखी वाटावी.

माझ्या मते काम संपलं होतं. सर डब्यासमोर उभे राहिले. मागं हात बांधून.

"माने, चालू असताना याचा लाल दिवा लागतो. मी माहितीपत्रकात वाचलंय."

"सर, त्याला करंटच नाही."

"ते मी बघतो."

माणूस एकदा कॉपी करायला लागला की मार्क पैकीच्या पैकी पाहिजेत. सरांनी दुपारभर बसून एक छोटा एलईडी आणि दोन पेन्सिल सेल सोल्डर करून डब्यात बसवले, बाहेरच्या बटणाला जोडले. सोल्डरिंग एवढं स्वच्छ की मी आमच्या माणसांना दाखवायला फोटो काढला. बटण दाबलं. लाल दिवा लागला. सरांचा चेहरा विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर आल्यासारखा झाला.

मग काकू टॉवेल घेऊन आत गेल्या. आतून कडी वाजली.

आम्ही दोघं बाहेर उभे. पाण्याचा आवाज आला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. काकू आत काहीतरी गुणगुणायला लागल्या, कानडीत. सर अस्वस्थ झाले.

"अगं, पाणी जपून. नळाला परवा येणार आहे."

"येऊ दे की," आतून उत्तर आलं.

पंचवीस मिनिटांनी त्या बाहेर आल्या. केस ओले. किती दिवसांनी स्वतःच्या हातानं धुतलेले. मला म्हणाल्या, "बस, चहा टाकते." त्या दिवशी पहिल्यांदा मी सरांच्या घरात खुर्चीत बसले. सरांनीच ती पुढं सरकवली.

डिसेंबरात नितीन आला. बायको, मुलगी, सगळे. सरांनी फोन करून सांगितलं, "माने, शॉवर फर्स्ट क्लास चाललाय म्हणतोय. सून म्हणाली, आमच्या तिकडच्यापेक्षा चांगला आहे." सरांचा आवाज कॉपी पचलेल्या पोरासारखा होता.

दोन दिवसांनी नितीन माझ्या ऑफिसात आला. एकटाच. शाळेत माझ्या दोन वर्षं मागं होता. समोर बसला, इकडं तिकडं बघितलं.

"ताई, एक विचारू? काल मी अंघोळ करत होतो आणि लाईट गेली. पंखा बंद, बल्ब बंद. शॉवरचं पाणी गरमच. आणि डब्यावरचा लाल दिवा चालू."

मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागले. बी.ई. झालेल्या माणसाला याचं उत्तर देता यायला हवं.

"मग मी डबा उघडला," तो म्हणाला. "आत दोन सेल. सोल्डरिंग बघूनच ओळखलं. लहानपणी माझा रेडिओ त्यांनीच दुरुस्त केलेला."

"नितीन, अरे, तुझ्या वडिलांना..."

"त्यांना काही बोलू नका. आई कडी लावून आत गाते, ते मी ऐकलंय. मला दुसरं काय पाहिजे?" तो उठला. दारात थांबून म्हणाला, "दिवा मंद झाला होता, म्हणून सेल बदलून टाकलेत. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं."

आता स्थिती अशी आहे. नितीनला कळलंय हे सरांना सांगायचं नाही, असं नितीननं मला बजावलंय. डब्यात काय आहे हे नितीनला सांगायचं नाही, असं सरांनी बजावलंय. काकूंना दोन्ही माहीत आहे. त्या दोघांनाही काही सांगत नाहीत. त्यांचं एवढंच म्हणणं, पाणी गरम आलं पाहिजे.

परवा गिझरची सळई बदलायला गेले. सरांनी मला मुद्दाम बाथरूममध्ये नेलं आणि बटण दाबून दाखवलं.

"बघ माने. वर्ष होत आलं. तेच सेल, आणि दिवा कसा ठणठणीत. सर्किटला करंट किती कमी लागतो बघ. याला म्हणतात डिझाइन."

"होय, सर," मी म्हणाले. हात मागे बांधून.

या धंद्यात मी शिकले ते इतकंच. गिऱ्हाईक काय मागतंय ते कोटेशनमध्ये लिहावं, त्याला काय पाहिजे ते बाथरूममध्ये जाऊन बघावं. आणि अर्थिंग मात्र कुणालाही न विचारता आधी जोडावं.