चर्च कुठल्या बाजूला?

१२ मे २००६, रायस्वाइक, नेदरलँड्स. सकाळी शेजारच्या आन्याआजींच्या कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळल्या. उद्या आजी वृद्धाश्रमात जाणार, आणि तिथल्या खोलीत एकाच चित्रापुरती जागा. दोन चित्रं समोर होती. एक जहाजांचं मोठं तैलचित्र. दुसरं वीतभर फ्रेंच एचिंग (तांब्याच्या पत्र्यावर मेण लावून, सुईने रेघा ओढून, त्या आम्लाने खोल करून छापलेलं चित्र). त्यात कालवा, झाडं, एक घर, चर्च. हे आपलंच गावाकडचं घर, असं त्यांचे वडील सांगत. भाऊ हसत, "आपलं चर्च उजवीकडे, यात डावीकडे. बाबांची थाप!"

"ताई, जाऊन बघू या का?" माझी धाकटी बहीण मंजू म्हणाली. मी तिच्याकडे राहायला आलेली, आणि आजींचं डच तिलाच कळतं. तिने रजाच घेतली होती. चित्र टॉवेलात गुंडाळून आम्ही तिघी बसने निघालो. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच चित्रकार खोली सोडून उघड्यावर बसू लागले, जुन्या डच एचिंगांवरून शिकले, म्हणून इकडेही येत, असं मंजूने वाटेत सांगितलं. पत्रा खिशात, सुई हातात. सुटसुटीत काम.

गावात घर अजून उभं होतं. पण चर्च उजवीकडेच, कालवाही दुसऱ्या बाजूला. आजी बाकावर बसल्या. मी चीज घातलेला पाव आणि कार्नेमेल्क (ताक, दाट, अळणी) पुढे केलं. त्यांनी पाव बदकांना टाकला.

"जहाजंच नेईन म्हणतात," मंजूने मला सांगितलं.

मी चित्र गुंडाळता गुंडाळता सही वाचली. "हा फेर्नां कोण गं?"

"कुठे आहे नाव?"

"हे काय, कोपऱ्यात."

मंजूने चष्मा पुसला. "ताई, ही अक्षरं उलटी आहेत! वाचलीस कशी?"

साताऱ्याला आमचा छापखाना. तीस वर्षं मी खिळे (शिशाची उलटी अक्षरं) जुळवले. उलटं मला सुलटंच दिसतं. या गृहस्थाने इथेच बसून समोरचं जसंच्या तसं पत्र्यावर काढलं, सहीसकट. छापताना सगळं पालटलं.

मंजूच्या पर्समधला आरसा मी चित्रासमोर धरला. चर्च उजवीकडे गेलं.

आजी पाहत राहिल्या. मग काही पुटपुटल्या.

"काय म्हणतात?"

"भाऊ गेले सगळे. आता सांगू कुणाला?"

"आपल्याला सांगा म्हणावं. बसला अवकाश आहे."

त्या बस येईपर्यंत बोलत होत्या. परतताना मला माझाच राग आला. माझ्याच धंद्यातली गोष्ट, आणि बहिणीने चष्मा पुसेपर्यंत कळली नाही!

१३ मे. सकाळी वृद्धाश्रमात आधी खोलीतला आरसा कुठे आहे ते पाहिलं. त्याच्या समोरच्या भिंतीवर ते एचिंग टांगलं, आणि आजींची खुर्ची आरशाकडे तोंड करून ठेवली.