येणाऱ्याचा सलाम

भूम गावच्या बागेतलं लॉन दोनदा वाळून गेलं, तेव्हा कुठं तिथं आपलं माळाचं गवत लावायचं ठरलं. काम बागेतल्या माळीचाचांकडं आलं. माळ तर सगळे नांगरले गेलेत. पवन्या, मारवेल असलं गवत उरलंय ते कब्रस्तानात. चाचांनी बी तिथनंच आणलं.

आता गवत कमरेला लागतं. चाचा रोज सकाळी कडेला चपला काढतात, गवताला सलाम करतात, उत्तराला लागेल एवढा वेळ थांबतात आणि मगच आत पाय टाकतात.

"इथं कोण आहे, चाचा?" मी एकदा हसत विचारलं होतं.

"बी तिथलं हाय, गुरुजी. येणाऱ्यानं आधी सलाम करायचा, असा रिवाज हाय." ते हसले नाहीत.

काल मी नेहमीसारखा बाकावर बसून बघत होतो. चाचांनी हात कपाळाकडं नेला आणि अर्ध्यातच थांबवला. मग अगदी हळू म्हणाले, "वालेकुम सलाम."

त्यांनी अजून सलाम केलाच नव्हता. बागेत आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं.

चपला हातात घेऊन ते माघारी आले.

"गुरुजी, जरा सरका."

मी टोकाला सरकलो. चाचा दुसऱ्या टोकाला बसले, मधे एकाची जागा सोडून.